अझुचीच्या पायऱ्यांमधले बुद्ध

"मामू, तिथे काहीच नाही. नुसते दगड आहेत."

माझा भाचा नागोयाजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. चार वर्षं तो बोलावत होता. या उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं जमलं. मला हिमेजीचा तो प्रसिद्ध पांढरा किल्ला दाखवायचा त्याचा बेत होता. हिमेजी अभंग उभा आहे, १९९३पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, फोटो सुंदर येतात. मी मात्र अझुचीचा हट्ट धरला. अझुची हा १५८२मध्ये जळून गेलेला डोंगरावरचा किल्ला. आज तिथे पायऱ्या, जोती आणि शेवाळ एवढंच उरलं आहे. भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला नेमके दगडच बघायचे होते, आणि त्याला कारण होतं.

मी मराठवाड्यातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमची सहल दौलताबादला गेली होती. किल्ल्यात शिरल्यावर एक मोठं प्रांगण लागतं. चौदाव्या शतकात खलजींच्या काळात तिथे जामा मशीद बांधली गेली. तिचे कित्येक खांब जुन्या देवळांचे आहेत. नक्षी बघितली की कुणालाही कळतं. १९४८नंतर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसली. मुलं खांबांभोवती पळत होती. आठवीतल्या एका मुलाने खांबावर हात ठेवून विचारलं, "सर, हे देवळाचे खांब आहेत ना? मग ते देऊळ कुणी पाडलं?" त्याच्या शेजारच्या मुलाने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग त्याला कोपर मारलं. त्या कोपराचा अर्थ वर्गातल्या सगळ्यांना कळला. मलाही कळला.

मी म्हणालो, "त्या काळी सगळेच राजे असं करायचे. चला, बस सुटेल."

बस सुटायला अजून पाऊण तास होता.

हे उत्तर मला पुढे फार बोचत राहिलं. ते खोटं होतं म्हणून नव्हे. काश्मीरच्या हर्ष राजाने देवळं लुटण्यासाठी खास अधिकारी नेमला होता, हे कल्हणाने राजतरंगिणीत लिहून ठेवलं आहे. १७९१मध्ये मराठा फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपू सुलतानने मठाला मदत पाठवली, हेही कागदोपत्री आहे. अशी उदाहरणं आपल्याकडच्या प्रत्येक वाचणाऱ्या मुसलमानाला तोंडपाठ असतात. मलाही आहेत. पण त्या मुलाने दुसऱ्या राजांबद्दल विचारलंच नव्हतं. त्याने त्याच्या हाताखालच्या खांबाबद्दल विचारलं होतं.

पुढे वाचनात अझुची आलं. तिथल्या मुख्य जिन्याच्या पायऱ्यांमध्ये बुद्धाच्या दगडी मूर्ती बसवलेल्या आहेत, आणि त्या बसवणारा माणूस जपानी होता, असं समजलं. तेव्हाच ठरवलं, कधी जपानला गेलो तर हे बघायचं.

नागोयाहून माइबारा, तिथे गाडी बदलून अझुची. स्टेशन छोटं, फक्त पॅसेंजर थांबतात. बाहेर ओदा नोबुनागाचा पुतळा आहे. तिथून अर्धा तास भाताच्या खाचरांमधून चालत जायचं. मे महिना असल्यामुळे खाचरांत पाणी भरलेलं होतं आणि त्यात डोंगराचं प्रतिबिंब पडलं होतं. डोंगर म्हणजे तरी किती, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही नाही. देवगिरी बघितलेल्या माणसाला ती टेकडीच वाटेल. पण नोबुनागाच्या काळी तिच्या तीन बाजूंना बिवा सरोवराचं पाणी होतं. बिवा हे जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर. पाण्यातून राजधानी क्योतोच्या दिशेने नावा जात आणि पायथ्याजवळून पूर्वेकडचे रस्ते जात. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीसाठी सरोवराचा बराच भाग भरून काढला, म्हणून आज पाणी दूर गेलं आहे.

नोबुनागा कोण, हे थोडक्यात सांगायला हवं. सोळाव्या शतकात जपानमध्ये सम्राट नावापुरता होता, त्याच्या नावाने कारभार करणारा शोगुन दुबळा झाला होता आणि प्रत्येक प्रांताचा सरदार शेजाऱ्याशी लढत होता. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललं. त्यातून देश एकत्र आणण्याची सुरुवात ज्याने केली तो ओदा नोबुनागा. जन्म १५३४, म्हणजे आपल्या अकबरापेक्षा आठ वर्षांनी मोठा. १५६८मध्ये तो क्योतोत शिरला, १५७३मध्ये त्याने शोगुनला हाकलून दिलं आणि १५७६मध्ये अझुचीचं काम सुरू केलं. तीन वर्षांत डोंगरमाथ्यावर सात मजली मनोरा उभा राहिला. जपानी किल्ल्याच्या अशा मुख्य मनोऱ्याला तेन्शु म्हणतात. दगडी जोत्यावर उभा राहिलेला, लांबून दिसावा म्हणूनच बांधलेला एवढा भव्य तेन्शु त्याआधी कुणी पाहिला नव्हता. पुढे जपानभर जे किल्ले झाले, त्यांनी हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला.

याच नोबुनागाने १५७१मध्ये हिएई पर्वतावरचा एन्र्याकुजी मठ जाळला. हिएई म्हणजे जपानी बौद्ध धर्माचं विद्यापीठच. आठव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेला हा मठ, तिथून अनेक पंथांचे संस्थापक शिकून बाहेर पडले. पण सोळाव्या शतकात तिथे फक्त ध्यानधारणा चालत नव्हती. मठाकडे जमिनी होत्या, सावकारी होती, शस्त्रधारी भिक्षूंची फौज होती. नोबुनागाशी लढणाऱ्या आसाई आणि आसाकुरा या सरदारांच्या सैन्याला मठाने डोंगरावर आसरा दिला. नोबुनागाने आधी निरोप पाठवला: माझ्या बाजूला या, नाही तर निदान तटस्थ राहा. मठाने ऐकलं नाही. मग त्याने डोंगराला वेढा घातला. भिक्षू, बायका, मुलं, कुणालाच सोडलं नाही. मेलेल्यांचे आकडे प्रत्येक बखरीत वेगळे आहेत, पण सगळेच भयंकर आहेत. त्याच वर्षी, १५७१मध्ये, इकडे अकबराने फतेहपूर सिक्रीचं काम काढलं होतं.

पायथ्याशी तिकिटाची खिडकी आहे. माणशी सातशे येन. शेजारी बांबूच्या काठ्या ठेवलेल्या असतात, चढताना घ्यायच्या आणि उतरल्यावर परत ठेवायच्या. माझे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून मी दोन घेतल्या. भाचा हसला. तिकीट बघत तो म्हणाला, "मामू, हे पैसे सरकारला जात नाहीत. हा डोंगर सोकेनजी नावाच्या देवळाचा आहे." सोकेनजी हे नोबुनागाने स्वतः किल्ल्याच्या आवारात उभारलेलं बौद्ध देवस्थान. किल्ला जळाला तेव्हा ते वाचलं. त्याची मुख्य इमारत १८५४मध्ये जळाली, पण तीन मजली पॅगोडा आणि दरवाजा अजून आहे. मठ जाळणाऱ्या माणसाच्या किल्ल्याचा ताबा आज देवळाकडे आहे.

मुख्य जिना समोरच दिसतो. सहा मीटरच्या आसपास रुंद, आणि सुमारे १८० मीटर सरळ वर गेलेला. किल्ल्यात जाणारी वाट अशी सरळ नसते. देवगिरीचा अंधारी मार्ग आठवा. शत्रूला चकवायचं तर वाट वळवावी लागते. नोबुनागाला बहुधा शत्रू अडवण्यापेक्षा पाहुणा दिपवणं महत्त्वाचं वाटत होतं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना सरदारांच्या वाड्यांची जोती आहेत. भिंती ओबडधोबड दगडांच्या, चुना नाही, माती नाही, एकमेकांत अडकवून रचलेल्या. हे काम आनो गावच्या गवंड्यांचं मानतात. आनो हे हिएईच्या पायथ्याचं गाव. हे लोक मठासाठी दगडकाम करत आले होते. मठ जळाल्यावर ते किल्ले बांधू लागले.

साठ-सत्तर पायऱ्या चढल्यावर भाच्याने मला दंडाला धरून थांबवलं. "मामू, खाली बघा."

पायरीत एक दगड होता, फार तर दीड वीत लांब, आडवा बसवलेला. त्यावर झिजलेली आकृती होती. खांदे, वाटोळं डोकं, मांडीवर जुळलेले हात. चेहरा पुसून गेला होता. शेजारी लहानशी पाटी आणि दगडापुढे काही नाणी. पुढे आणखी एक, मग आणखी एक. काही मूर्ती, काही थडग्यांचे दगड.

माझा पाय आपोआप आखडला. मी मूर्तिपूजक नाही. पण कुणी तरी हात जोडलेल्या वस्तूवर पाय द्यायचा नाही, हे आमच्या अब्बांनी शिकवलं होतं. पुढे एक प्रौढ जपानी जोडपं होतं. बाईंनी पर्समधून नाणं काढून दगडापुढे ठेवलं, क्षणभर मान लववली आणि ते वर निघून गेले. त्यांनी ना नोबुनागाला शिव्या दिल्या, ना मूर्ती तिथून उचला म्हणून कुणाकडे तक्रार केली.

मी भाच्याला पाटी वाचायला लावली. मतलब असा: हे दगड किल्ला बांधताना पायऱ्यांसाठी वापरले गेले. बांधकामाला लागणारा दगड आसपासच्या डोंगरांवरून गोळा केला होता आणि त्यात बुद्धमूर्ती आणि थडग्यांचे दगडही होते. किल्ला कसा बांधला गेला ते कळावं, म्हणून उत्खननात सापडले तसेच ते जागेवर ठेवले आहेत.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

मी त्याला ती पाटी पुन्हा वाचायला लावली. तिच्यात नोबुनागाचा बचाव नव्हता. त्याच्या नावाने खडेही फोडलेले नव्हते. काय झालं, ते सांगितलं होतं. दगड का हलवला नाही, तेही सांगितलं होतं. शिगा प्रांताने १९८९पासून वीस वर्षं इथे उत्खनन केलं. दगड उचलून संग्रहालयात नेणं त्यांना सोपं होतं. पण मग जिन्यात फक्त जिना उरला असता आणि संग्रहालयात फक्त मूर्ती. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कुणाला दिसलं नसतं.

पण नोबुनागाने हे केलं का? यावर जपानी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. एक मत असं की हा बुद्धाचा मुद्दाम केलेला अपमान. हिएई जाळणारा माणूस मूर्ती पायदळी तुडवणारच. दुसरं मत असं की ही निव्वळ दगडाची टंचाई आणि कामाची घाई. या दुसऱ्या मताला बळ देणारी उदाहरणं पुष्कळ आहेत. फुकुचियामाच्या किल्ल्याच्या तटात थडग्यांचे असंख्य दगड आहेत, आणि तो किल्ला बांधणारा अकेची मित्सुहिदे. नारा भागातल्या कोरियामा किल्ल्याच्या तटात जिझो या बोधिसत्त्वाची मूर्ती डोकं खाली करून अडकवलेली आहे. तिथला धनी तोयोतोमी हिदेनागा. हे सगळे बौद्ध घरांत जन्मलेले लोक. काहींना तर वाटतं की मूर्ती तटात घातल्याने किल्ल्याला तिचं संरक्षण मिळेल, अशी श्रद्धाही त्यामागे असू शकते.

स्वतः नोबुनागाचं वागणं बघा. तेन्शुच्या वरून दुसऱ्या, अष्टकोनी मजल्यावर त्याने बुद्ध आणि त्याचे दहा शिष्य रंगवून घेतले. सर्वांत वर चिनी ऋषी आणि कन्फ्युशियस. चित्रकार होता त्या काळचा सर्वांत मोठा, कानो एइतोकु. म्हणजे खाली पायरीत बुद्ध आणि वर भिंतीवर सोन्याच्या पार्श्वभूमीवर बुद्ध. दोन्ही एकाच माणसाच्या हुकमाने. ज्याला एका ओळीत राजा समजून घ्यायचा आहे त्याने अझुचीला जाऊ नये.

आता एक साक्षीदार. नोबुनागाला प्रत्यक्ष भेटून त्याच्याबद्दल पानंच्या पानं लिहिणारा युरोपीय म्हणजे पोर्तुगीज पाद्री लुईस फ्रोइश. हा लिस्बनहून १५४८मध्ये गोव्याला आला, गोव्यातच शिकला आणि १५६३मध्ये जपानला पोचला. नोबुनागाने १५६९मध्ये क्योतोत शोगुनसाठी किल्ला बांधला, तेव्हा दगड कमी पडला म्हणून मूर्तींच्या गळ्यात दोर बांधून त्या ओढत आणल्या, असं फ्रोइशने लिहिलं आहे. चारशे वर्षांनी क्योतोत भुयारी रेल्वेचं खोदकाम निघालं आणि त्या किल्ल्याच्या तटात खरोखरच बुद्धमूर्ती सापडल्या. साक्ष खरी निघाली. पण फ्रोइश कोण होता, हेही विसरायचं नाही. तो मिशनरी होता. बुद्धाच्या मूर्ती फुटणं ही त्याच्या लेखी चांगली बातमी होती आणि ती त्याने आपल्या वरिष्ठांना आनंदाने कळवली.

हे वाचताना मला आपल्या फारसी तवारिखा आठवल्या. सुलतानाने अमुक देवळं फोडली, तमुक हजार काफिर मारले, असं दरबारी लेखक मिटक्या मारत लिहितो. त्यातलं काही घडलेलं असतं, काही धन्याला गाझी ठरवण्यासाठी फुगवलेलं असतं. हिएईबाबतही तेच झालं. मठाची झाडून सगळी इमारत त्या एका दिवशी जळाली, असं बखरी सुचवतात. उत्खननात तेवढा पुरावा मिळालेला नाही. म्हणून जाळपोळ झालीच नाही, असं मात्र कुणी शहाणा जपानी अभ्यासक म्हणत नाही. अतिशयोक्ती वजा केली तरी गुन्हा शून्य होत नाही. आपण मुसलमान पुष्कळदा इथेच चुकतो. बखरकार फुगवून सांगत होता एवढं सिद्ध झालं की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि पुस्तक मिटतो.

सुमारे चारशे पायऱ्या चढून वर गेलो. आधी नोबुनागाची समाधी लागते, ती त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी हिदेयोशीने बांधली. तिच्या वर तेन्शुचं जोतं. चौकोनी खड्ड्यासारखी जागा आणि तिच्यात सव्वा-सव्वा मीटरवर ओळीने मांडलेले पायाचे दगड. या दगडांवर सात मजले उभे होते. आता त्यांच्या मधल्या मातीवर पाइनची पानं पडली होती. कडेच्या भिंतीवर चढलं की खाली खाचरं, दूर बिवाचं पाणी. नैऋत्येला, सरोवरापलीकडे, हिएई. त्या दिवशी हवा धुरकट होती. भाच्याने बोट केलं त्या दिशेला मी बघत राहिलो, एवढंच.

हा किल्ला पुरा झाल्यावर अवघी तीन वर्षं टिकला. जून १५८२मध्ये क्योतोच्या होन्नोजी देवळात मुक्कामाला असलेल्या नोबुनागावर त्याच्याच सरदाराने हल्ला केला आणि नोबुनागाने आत्महत्या केली. सरदार म्हणजे तोच अकेची मित्सुहिदे, फुकुचियामाचा. हिएई जाळण्यातही तो पुढे होता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अझुचीचा माथा जळाला. आग मित्सुहिदेच्या माणसांनी लावली की नोबुनागाच्या मुलाने, यावर आजही एकमत नाही.

किल्ल्याचं एक चित्र मात्र होतं. नोबुनागाने अझुचीचं हुबेहूब चित्र काढलेला घडीचा पडदा जेझुइट पाद्री व्हॅलिग्नानो याला भेट दिला होता. तो पडदा पोपसाठी चार जपानी मुलांबरोबर रवाना झाला. ही मुलं १५८२च्या फेब्रुवारीत नागासाकीहून निघाली, १५८३मध्ये गोव्याला पोचली आणि १५८५मध्ये रोममध्ये पोपला भेटली. पोपने पडदा स्वीकारला तेव्हा त्यातला किल्ला राख होऊन तीन वर्षं होत आली होती. पुढे तो पडदाही हरवला. जपानी लोक आजही त्याचा शोध घेतात. पुरेसा पुरावा नाही म्हणून डोंगरावर नवा मनोरा उठवलेला नाही. वरच्या दोन मजल्यांची अभ्यासातून केलेली प्रतिकृती १९९२च्या सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधली होती, ती पायथ्याजवळच्या संग्रहालयात ठेवली आहे. डोंगर जसा आहे तसा.

उतरल्यावर गवतावर जोहरची नमाज अदा केली. फोनने दाखवलेला किबला सरोवराच्या बाजूला होता. मग तिथेच डबा उघडला आणि मी भाच्याला दौलताबादची गोष्ट सांगितली. तो चटकन म्हणाला, "बघा मामू, हे लोक किती पुढारलेले आहेत. आपल्याकडे असतं तर दंगल झाली असती."

मला हे पटलं नाही, आणि वाचकांनीही लगेच पटवून घेऊ नये. क्योतोत आम्ही एक मातीचा उंचवटा बघितला होता. हिदेयोशीने १५९०च्या दशकात कोरियावर स्वारी केली, तेव्हा मारलेल्यांची नाकं कापून मिठात घालून जपानला पाठवली गेली. ती त्या उंचवट्याखाली पुरली आहेत. नाव मात्र 'कानांचा ढिगारा' असं पडलं आहे. कोरियन माणूस तिथे उभा राहतो तेव्हा तो नाणं ठेवून सहज पुढे जात नाही. अझुचीची पायरी शांत आहे, कारण तिच्यावरून भांडणारे दोन समाज आज उरलेले नाहीत. नोबुनागाला मानणारे आणि बुद्धाला मानणारे एकाच घरात जेवतात. कोपर मारायला शेजारी कुणी नसतं. आपल्याकडे ते आहे. म्हणून जपानचा दाखला देऊन आपल्या लोकांना खिजवणं मला योग्य वाटत नाही.

तरीही ती पाटी माझ्या डोक्यातून गेली नाही. कारण ती लिहायला दंगल नसण्याची गरज नाही. ती लिहायला फक्त खरं सांगायची तयारी लागते.

सूरह निसामध्ये इमानवाल्यांना सांगितलं आहे की न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. ही आयत मी कित्येकदा वाचली, मुलांना समजावून सांगितली. दौलताबादच्या खांबाशी ती आठवली नाही. खलजी ना माझे आईबाप, ना नातलग. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणं तर किती सोपं होतं! पण त्या कोपराने मला त्यांचा वकील करून टाकलं, आणि मी वकीलपत्र घेतलंही. कुराणातच हेही आहे की कुणाच्या करणीचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही. हे ओझं माझं नाही असं एकदा मनापासून मानलं, तर खरं सांगायला भीती कशाची? आपण सारवासारव करतो तेव्हा आपणच कबूल करतो की ते आपलं होतं.

कोपर मारणाऱ्या मुलालाही हेच सांगायला हवं होतं. खांब कुठून आले हे विचारायचा हक्क तुला आहे. उत्तरासाठी सरांचं नाव बघायची गरज नाही.

भाचा म्हणाला, "मग आता तुम्ही त्या मुलाला काय सांगणार?" तो मुलगा आता अकरावीला, दुसऱ्या गावी आहे. पण प्रश्न कुठे जात नाही, दर वर्षी नव्या आठवीत बसलेला असतो. मी त्यांना सांगेन की हो, हे देवळाचे खांब आहेत. इथे देऊळ होतं, एका सुलतानाच्या फौजेने ते मोडलं आणि त्याचे दगड मशिदीला लावले. हे चुकीचं होतं. का केलं, तर सत्ता दाखवायची होती, दगड तयार मिळत होता, आणि त्यात पुण्य आहे असं सांगणारेही भोवती होते. त्यानंतर सहाशे वर्षांनी त्या मशिदीचं पुन्हा देऊळ झालं. एका खांबाने एवढं पाहिलं आहे. आता हात लावून बघा, कारागिराने पाकळी किती बारीक कोरली आहे. काश्मीरचा हर्ष आणि शृंगेरी मी सांगेनच, पण त्यानंतर. आधी सांगितलं तर ते उत्तर टाळण्यासाठी होतं, नंतर सांगितलं तर इतिहास होतो.

काठ्या आम्ही जागेवर परत ठेवल्या. स्टेशनकडे जाताना भाचा फोनमधले फोटो बघत होता. तेन्शुच्या जोत्यावरचे, सरोवराचे, माझे दोन काठ्या टेकत चढतानाचे. त्या पायरीचा एकच फोटो होता आणि त्यात दगडाशेजारी माझा बूट आलेला. मी तो पुसायला सांगणार होतो, मग म्हटलं राहू दे. वर्गात दाखवायला उपयोगी पडेल.

यंदाची सहल अजून ठरायची आहे. दौलताबादला गेलो तर बसची घाई करणार नाही.